अभयदानाची एक कठीण वाट : मांडीवरील विच्छेद, स्थूल देह आणि कृत्रिम पायाचा इतिहास

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. कृत्रिम पायाचे दान यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक जण ‘औषधदान’ असे उत्तर देतील, आणि ते उत्तर चुकीचे नाही. तथापि ज्याचा पाय गुडघ्याच्या वर, मांडीतून कापला गेला आहे, त्याच्या दैनंदिन जीवनाकडे बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की त्याला सर्वांत अधिक गरज असते ती अभयाची. पुढचे पाऊल टाकताना गुडघा ऐनवेळी दुमडेल काय, ओल्या फरशीवर तोल जाईल काय, पडलो तर उचलणार कोण, ही भीती त्याच्या सोबत अहोरात्र असते. त्यातून देह स्थूल असेल तर ही भीती दुणावते. पडलेल्या कृश माणसाला एक जण हात देऊन उठवू शकतो. शंभर किलो वजनाच्या माणसाला उठवावयास दोघा-तिघांना धावावे लागते, आणि त्या वेळी होणारा संकोच हा देहाच्या वेदनेहून अधिक बोचणारा असतो.

गेल्या अर्धशतकात कृत्रिम पाय वाटपाची शिबिरे हे जैन समाजाच्या सेवाकार्याचे एक ठळक अंग बनले आहे. या कार्याचा इतिहास सहसा दिलेल्या पायांच्या संख्येतून सांगितला जातो. परंतु त्याला आणखी एक पदर आहे. कृत्रिम पाय घडविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता देह होता, आणि त्या देहाच्या मापात न बसणाऱ्या माणसाचे काय झाले, हा तो पदर होय.

लोहजंघेपासून लाकडी गुडघ्यापर्यंत

ऋग्वेदात विश्पलेची कथा येते. खेल राजाच्या युद्धात तिचा पाय तुटला असता अश्विनीकुमारांनी तिला लोहाची जंघा दिली, असा तेथे उल्लेख आहे. ती कथा श्रद्धेच्या प्रांतातली. मांडीवरील विच्छेदासाठी प्रत्यक्ष घडविलेल्या पायाचे तपशीलवार चित्र मिळते ते फ्रान्समधील शस्त्रवैद्य आंब्रॉयझ पारे याच्या सोळाव्या शतकातील ग्रंथात. पॅरिसमधील एका कुलूपकाराने तो पाय बनविला होता. चालताना त्याचा गुडघा ताठ राहावा आणि बसताना खटका ओढून दुमडावा, अशी त्यात योजना होती. म्हणजे पहिला प्रश्न पडला तो गुडघ्याचा. ताठ ठेवावा तर बसणे अवघड, मोकळा सोडावा तर उभे राहणे धोक्याचे. पुढील चार शतके हा पेच कारागिरांना सुटता सुटला नाही.

इ. स. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत लॉर्ड अक्सब्रिज या इंग्रज सेनानीचा पाय गेला. लंडनचा कारागीर जेम्स पॉट्स याने बनविलेला लाकडी पाय तो वापरू लागला. त्यात गुडघा आणि घोटा तातीने जोडलेले असल्यामुळे गुडघा वाकताच पाऊल आपोआप वर उचलले जाई. हा सेनानी पुढे अँगलसीचा मार्क्विस झाला आणि त्या पायालाही ‘अँगलसी लेग’ असे नाव पडले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आरंभीच, जून १८६१ मध्ये, फिलिपीच्या चकमकीत जेम्स हँगर या अठरा वर्षांच्या तरुणाचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. मिळालेला लाकडी खुंट त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःच गुडघ्यात वाकणारा पाय तयार केला आणि त्यातूनच पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. १८६३ मध्ये ड्युबॉइस पार्मेली याने हवेच्या दाबावर पाय मांडीला धरून ठेवणाऱ्या सॉकेटचे पेटंट घेतले. १९१३ मध्ये मार्सेल डिसूटर या वैमानिकाचा पाय विमान अपघातात गेला, तेव्हा त्याच्या भावाने ॲल्युमिनियमचा हलका पाय घडविला.

या साऱ्या नामावळीत एक साम्य आहे. हे पाय बहुतांशी सैनिकांसाठी, वैमानिकांसाठी, तरुण आणि घट्ट स्नायूंच्या पुरुषांसाठी घडविले गेले. मांडी म्हणजे आतमध्ये हाड, त्याभोवती पिळदार स्नायू आणि वर पातळ त्वचा, असेच गृहीत धरले गेले. त्या काळी पाय जाण्याचे मुख्य कारण युद्ध आणि अपघात हेच असल्यामुळे या गृहीतकावर कोणी बोट ठेवले नाही.

महायुद्धानंतरचे शास्त्र

दुसऱ्या महायुद्धाने हजारो तरुणांचे पाय हिरावले. हिंदुस्थानी सैन्यातील अशा जवानांसाठी १९४४ मध्ये पुणे येथे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. महाराष्ट्राच्या भूमीवरील हे केंद्र या क्षेत्रातील देशाच्या आद्य संस्थांपैकी एक होय. पुढे १९५५ मध्ये मुंबईत हाजीअली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि नागरी रुग्णांनाही शास्त्रशुद्ध उपचारांचे दार उघडले.

अमेरिकेत १९४५ च्या आरंभी शिकागो येथे शस्त्रवैद्य, अभियंते आणि कारागीर प्रथमच एकत्र बसले आणि कृत्रिम अवयवांच्या संशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अस्थिशल्यविशारद व्हर्न इन्मन आणि अभियंता हॉवर्ड एबरहार्ट यांनी चालण्याच्या क्रियेचे सूक्ष्म मापन केले. एबरहार्ट यांचा स्वतःचा एक पाय १९४४ मध्ये अपघातात गेला होता, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. १९४६ मध्ये युरोपात गेलेल्या अमेरिकी तज्ज्ञांनी जर्मनीतील हवेच्या दाबाचे सॉकेट पाहिले, आणि पार्मेलीची जुनी कल्पना नव्या रूपात परत आली. त्यातूनच बर्कलीच्या चार्ल्स रॅडक्लिफ यांनी १९५५ च्या सुमारास ज्याचे शास्त्र मांडले ते चौकोनी सॉकेट रूढ झाले.

या सॉकेटच्या मागील काठावर एक सपाट पट्टी असे. बैठकीचे हाड, म्हणजे ज्यावर माणूस पाटावर बसतो ते हाड, त्या पट्टीवर टेकावे आणि देहाचा भार तेथून खाली उतरावा, अशी योजना होती. पुढील भिंत मांडीला हलकेच मागे दाबून ते हाड पट्टीवरून घसरू देत नसे. योजना सुबक होती. लांब स्टंप आणि घट्ट स्नायू असलेल्यांना ती मानवलीही. परंतु जेथे बैठकीचे हाड आणि पट्टी यांच्यामध्ये मांसमेदाची जाड गादी असते, तेथे हाड पट्टीवर टेकते की केवळ गादीच दाबली जाते, हे सांगणे कठीण होई. भार हाडावर न येता त्वचेवर येई आणि त्वचा सोलून निघे.

१९८० च्या दशकात आयव्हन लाँग आणि जॉन सॅबोलिच या अमेरिकी तंत्रज्ञांनी वेगळा मार्ग दाखविला. बैठकीचे हाड काठावर टेकविण्याऐवजी ते सॉकेटच्या आत घ्यावे, सॉकेट आडव्या बाजूने अरुंद करावे आणि मांडीचे हाड आतील बाजूला झुकलेले, म्हणजे निसर्गाने ठेवले तसे, धरून ठेवावे, हा त्याचा गाभा. आखूड आणि मांसल स्टंपला ही रचना अधिक मानवते असे अनुभवास आले. त्याच दशकात आइसलँडच्या ओसुर क्रिस्टिन्सन यांनी सिलिकॉनचा मोजा प्रचारात आणला. पुढे फ्रँक गॉट्सचॉक यांनी शस्त्रवैद्यांचे लक्ष मुळाकडे वेधले. विच्छेदाच्या वेळी मांडीच्या आतील बाजूचा मोठा स्नायू हाडाला पुन्हा नीट बांधला नाही, तर हाड बाहेरच्या बाजूला कलते आणि मग कितीही उत्तम सॉकेट दिले तरी रुग्ण झुलतच चालतो, हे त्यांनी दाखवून दिले. कृत्रिम पायाची घडण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू होते, हा या संशोधनाचा बोध होय.

जयपूरचा वारसा

पाश्चात्त्य देशांत हे शास्त्र विकसित होत असताना भारतापुढील प्रश्न निराळा होता. येथे माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, देवळात पादत्राण काढतो. बुटात बसविलेला परदेशी पाय त्याला परका वाटे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास मास्टर रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित परंतु विलक्षण प्रतिभेच्या कारागिराने डॉ. प्रमोदकरण सेठी यांच्या मार्गदर्शनाखाली रबर, स्पंज आणि लाकूड यांचे मिश्र पाऊल घडविले. त्याला बुटाची गरज नव्हती. ते सर्व दिशांना लवचिकपणे वळे आणि पाण्याने बिघडत नसे. हेच ते जगप्रसिद्ध ‘जयपूर फूट’. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

उत्तम वस्तू निर्माण होणे आणि ती गरजूंच्या हाती पडणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडण्याचे श्रेय देवेंद्रराज मेहता यांच्याकडे जाते. १९६९ मध्ये झालेल्या भीषण अपघातात स्वतःचा पाय गमावण्याची वेळ त्यांच्यावर येता येता टळली होती. उपचार आपल्याला लाभले, गरिबाचे काय, या विचाराने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पर्वात, मार्च १९७५ मध्ये, जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. पाय विनामूल्य द्यावयाचा, येणाऱ्याची राहण्याजेवणाची सोय करावयाची, आणि शक्य तो त्याला हेलपाटे न घालता लवकर चालता करून घरी पाठवावयाचे, ही तिची रीत. शेतीच्या पाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एचडीपीई नळांपासून सॉकेट आणि नळी बनविण्याची युक्ती तेथे रुजली, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही घटले. या संस्थेच्या धर्तीवर देशभरातील अनेक जैन विश्वस्त संस्थांनी शिबिरे भरविली. जीव एकमेकांवर उपकार करीतच जगतात, हा तत्त्वार्थसूत्रातील विचार त्या शिबिरांच्या मंडपात मूर्त रूपात दिसला.

मात्र गुडघ्याखालील आणि गुडघ्यावरील विच्छेद यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. गुडघा शाबूत असलेला रुग्ण सकाळी माप देऊन सायंकाळी चालत जाऊ शकतो. मांडीवरून पाय गेलेल्याला पाऊल, घोटा आणि गुडघा असे तिन्ही नव्याने द्यावे लागतात. दीर्घकाळ त्याला कुलपाचा, म्हणजे चालताना ताठ राहणारा, साधा गुडघा मिळत असे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीच्या सहकार्याने तेलमिश्रित नायलॉनचा चार दांड्यांचा अल्पमोली गुडघा तयार केला. उभे राहताना स्थिर राहणारा आणि पाऊल उचलताना सहज वाकणारा हा ‘जयपूर नी’ २००९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या उत्कृष्ट शोधांच्या यादीत झळकला. आंब्रॉयझ पारे यास पडलेल्या पेचाला गरिबाच्या खिशाला परवडणारे एक उत्तर असे मिळाले.

बदललेला रुग्ण

जयपूर फूट जन्मास आला तेव्हा शिबिरात येणारा रुग्ण बहुधा शेतकरी, मजूर किंवा रेल्वे अपघातातून वाचलेला तरुण असे. देह काटक, वजन बेताचे. आज त्याच रांगेत मधुमेहामुळे पाय गमावलेला, मध्यम वयाचा, दुकानाच्या गादीवर किंवा कार्यालयाच्या खुर्चीत आयुष्य गेलेला गृहस्थ मोठ्या प्रमाणात दिसू लागला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि पोटाचा घेर वाढलेले सुमारे ३५.१ कोटी लोक असल्याचा अंदाज वर्तविला. व्यापारउदिमात स्थिरावलेल्या समाजांना हे आकडे परके वाटण्याचे कारण नाही.

पाय गेल्यानंतर हालचाल मंदावते आणि वजन वाढू लागते. वजन वाढले की कृत्रिम पाय बसेनासा होतो, पाय बसेनासा झाला की हालचाल आणखी घटते. हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे चाकाची खुर्ची हेच जग होऊन बसते. मांडीवरील विच्छेद झालेल्या माणसाला सपाट जमिनीवर चालण्यासाठीही धडधाकट माणसाच्या सुमारे दीडपट वा त्याहून अधिक शक्ती खर्चावी लागते. हृदय आणि फुप्फुसे आधीच थकलेली असतील तर तो दहा पावलांत धापा टाकू लागतो. दुसरा पायही मधुमेहाने ग्रासलेला असेल तर सारा भार त्या एकाच पायावर टाकणे अधिकच जोखमीचे ठरते.

अशा माणसाला ‘आधी वजन उतरवून या, मग पाय देऊ’ असे सांगून परत पाठविणे सोपे असते. परंतु ज्याला चालता येत नाही त्याने वजन उतरवावे कसे, हा प्रश्न त्या उत्तरात मिटत नाही. सुज्ञ उपचारकांची वाट वेगळी आहे. आहारनियमन, हातांचा व बसून करावयाचा व्यायाम आणि पायाची तयारी या तिन्ही गोष्टी ते एकाच वेळी सुरू करतात.

माप, भार आणि सांधा

स्थूल देहाला पाय बसविण्याचे काम कोठे अडते हे समजून घेतल्याशिवाय दात्याला त्यातील श्रम कळणार नाहीत. पहिली अडचण मापाची. मऊ मांडी उभे असताना एका आकाराची, झोपल्यावर दुसऱ्या आकाराची आणि सॉकेटमध्ये दाबली गेल्यावर तिसऱ्याच आकाराची होते. म्हणून केवळ फीत गुंडाळून घेतलेले माप पुरत नाही. प्लास्टरचा साचा घेतल्यावर तंत्रज्ञ त्याचा घेर हिशेबाने कमी करतो. स्टंप जितका मऊ तितकी ही घट अधिक. घट कमी पडली तर पाय सैल होऊन मांडीतच फिरतो, अधिक झाली तर रक्ताभिसरण अडते. बैठकीचे हाड नेमके कोठे आहे हे मेदाच्या थरातून बोटांनी दाबून शोधावे लागते. याकरिता अनेक कुशल तंत्रज्ञ पारदर्शक प्लास्टिकचे चाचणी सॉकेट आधी बनवितात, त्यातून त्वचा कोठे पांढरी पडते आणि कोठे मोकळी राहते हे डोळ्यांनी पाहतात, आणि मगच अंतिम सॉकेट घडवितात.

दुसरी अडचण जांघेची. सॉकेटच्या आतील काठावरून मांसाची वळी बाहेर ओघळली तर प्रत्येक पावलागणिक ती चिमटली जाते. म्हणून पाय घालताना ही सारी वळी कापडी ओढपट्टीने अथवा सिलिकॉनच्या मोजाच्या साहाय्याने सॉकेटच्या आत घ्यावी लागते. तिसरी अडचण पोटाची. उभे असताना सुरेख बसलेला पुढील काठ खुर्चीवर बसताच पोटात रुतू लागतो. तो उतरता ठेवावा लागतो, परंतु फार उतरविला तर बैठकीचे हाड जागा सोडते. कमरेचा पट्टा गोल पोटावरून खाली घसरतो. तेव्हा काहींना खुब्याच्या सांध्यासह कमरपट्टी द्यावी लागते, काहींना गळपट्टीसारखा खांद्यावरून आधार. सुटसुटीतपणा थोडा जातो, परंतु पाय जागेवर राहतो.

चौथी अडचण सांध्याच्या ताकदीची, आणि ती सर्वांत धोक्याची. कृत्रिम पायाच्या भागांची मजबुती तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात ६०, ८० आणि १०० किलो अशा वजनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्याहून जड व्यक्तींसाठी पुढील पायऱ्याही आहेत. विच्छेदानंतर ज्याचे वजन ९५ किलो भरते त्याला १०० किलोचा सांधा पुरेल असे वरवर वाटते. परंतु पायाचे स्वतःचे तीन-चार किलो वजन आणि हातातील पिशवी धरली की मर्यादा कधीच ओलांडली जाते. म्हणून त्याला वरच्या पायरीचाच सांधा हवा. आणखी एक गोष्ट वैद्यकीय हिशेबाची. मांडीच्या मध्यावर विच्छेद झालेल्या माणसाच्या देहाचा साधारण दहावा भाग गेलेला असतो. म्हणून ९५ किलोच्या या माणसाचे आहारविचारासाठीचे वजन सुमारे १०५ किलो धरावे लागते. काट्यावरचा आकडा त्याची स्थूलता कमी करून दाखवितो, ही फसगत अनेकांच्या ध्यानात येत नाही.

सॉकेटच्या कटकटीतून सुटका म्हणून मांडीच्या हाडातच धातूचा खुंट रोवून त्याला पाय जोडण्याची शस्त्रक्रिया रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमध्ये १९९० पासून सुरू केली. परंतु त्या मूळ पद्धतीतही १०० किलोहून अधिक वजनाच्या व्यक्तीला ती निषिद्ध मानली गेली. ज्याला सॉकेटचा सर्वाधिक त्रास, त्यालाच त्याच्या पर्यायाचे दार बंद, असा हा विरोधाभास आहे. १९९७ मध्ये जर्मनीत आलेला संगणकनियंत्रित गुडघा अडखळताना आपोआप आवरतो आणि पडण्याची भीती बरीच कमी करतो, परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणून अशा रुग्णासाठी बहुधा साधा परंतु मजबूत मार्गच श्रेयस्कर ठरतो : भार पडताच आवळला जाणारा सुरक्षित गुडघा, रुंद आणि पक्के पाऊल, आरंभी समांतर दांड्यांच्या आधाराने आणि नंतर वॉकरवर चालण्याचा सराव. मांड्या एकमेकींना घासत असल्यामुळे त्याचे पाऊल थोडे फाकूनच पडणार, हे गृहीत धरून पायाची जुळणी करावी लागते. कृश माणसाची चाल त्याच्यावर लादली तर जांघेत जखम होते. रोज आंघोळीनंतर घड्यांमधली त्वचा कोरडी करणे, मोजा धुणे, लालसर डाग दिसताच पाय उतरवून ठेवणे हे घरच्यांना शिकवावे लागते. वजनात पाच किलोंचा फेर पडला तरी सॉकेट पुन्हा पाहावे लागते. थोडक्यात, हा पाय एकदा देऊन संपत नाही.

संख्येपलीकडचे दान

येथेच सेवाभावी संस्थांपुढील खरा प्रश्न उभा राहतो. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात मंडपाच्या दारावर संख्या लिहिली जाते. शंभर पाय, दोनशे पाय. गुडघ्याखालील दहा रुग्णांना जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मांडीवरील विच्छेदाच्या एका स्थूल रुग्णाला लागू शकतो. फलकावर मात्र त्याची नोंद ‘एक’ अशीच होते. त्यामुळे नकळत त्याचा क्रमांक शेवटी लागतो. कधी हाताशी असलेला सांधाच त्याला जोडून दिला जातो. असा पाय महिनाभरात माळ्यावर जाऊन पडतो आणि अहवालात मात्र तो दिलेल्या पायांत मोजला जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. दोष असलाच तर तो मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

जैन आचारात बाह्य तपाचा एक प्रकार ‘ऊनोदरी’ हा आहे. भुकेहून थोडे कमी खाणे, असा त्याचा सरळ अर्थ. या व्रताचा उपदेश स्थूल रुग्णाला करण्याचा मोह अनेकांना होतो. पण तप हे स्वेच्छेने स्वीकारावयाचे असते, रांगेत उभ्या असलेल्या अगतिक माणसावर ते अट म्हणून घालावयाचे नसते. उलट संस्थेनेच थोडी ऊनोदरी पाळावी. आकड्यांची भूक थोडी कमी करावी आणि वाचलेला वेळ कठीण रुग्णाला द्यावा. शिबिरात कच्चे माप घेऊन स्थूल रुग्णांसाठी वेगळा दिवस राखणे, वरच्या वजनपायरीचे काही सांधे आधीच मागवून ठेवणे, चाचणी सॉकेटवर एक दिवस चालवून पाहणे, महिन्याने आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. केंद्र शासनाची साहाय्यक उपकरणांची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही मदत दयेऐवजी हक्काच्या भाषेत मांडली आहे. विश्वस्त संस्थांनी या दोहोंचा दुवा बनावे, अशी अपेक्षा अवाजवी नव्हे.

पाच शतकांपूर्वी पॅरिसच्या कुलूपकाराने एका माणसासाठी एक पाय घडविला. मास्टर रामचंद्रांनीही भट्टीवर बसून एकेक पाऊल घडवीत, मोडत, पुन्हा घडवीत आपली विद्या सिद्ध केली. त्या दोघांच्याही पुढ्यात संख्या नव्हती, एक माणूस होता. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेने मागे वळून पाहताना दिलेल्या पायांचा हिशेब जरूर मांडावा. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : त्यांपैकी वर्षानंतरही किती जण चालत आहेत. ज्याचे माप घेणे सर्वांत कठीण, ज्याचा भार सर्वांत अधिक, असा माणूस निर्धास्तपणे देवळाची पायरी चढून वर येईल, तेव्हा ते केवळ औषधदान राहणार नाही. चौथ्या दानाचे, अभयदानाचे, पुण्य त्या दिवशी पदरी पडेल.